वाडीचा रकाना

सहावा आकडा टाकला आणि प्रियदर्शिनीने बोट उचललं. स्क्रीनवर क्षणभर एक बारीक चक्र फिरलं, मग राज्य, जिल्हा, तालुका असे तिन्ही रकाने आपोआप भरले, आणि खाली पोलादपूरच्या टपालातली गावं तारेवर पाखरं उतरावीत तशी एकेक करून येऊन बसली. तिला हसू आलं. देशभरातल्या टपाल कचेऱ्यांची सरकारी यादी उतरवून घेतल्यापासून ती या एका क्षणाची वाट बघत होती. त्या यादीत गावांच्या नावांची काय काय दशा झाली होती! कुठे अक्षर गळलेलं, कुठे एकच गाव दोनदा, कुठे बुद्रुकचं खुर्द झालेलं. सगळं निवडून, पाखडून घेतलं होतं तिने. आता मुंबईत बसलेल्या कुणालाही आईबापांची औषधं गावी पाठवायची असली की पत्ता लिहीत बसायला नको, पिनकोड टाकला की झालं. राहिला होता शेवटचा रकाना, वाडीचा. गावाच्या टपालापर्यंत सरकारी यादी पोचत होती, त्यापुढे वाडी-वस्तीला यादी नव्हती. म्हणून तिने युक्ती केली होती: जुन्या मागण्यांमध्ये लोकांनी जी वाडी दोनदा लिहिली असेल ती पुढच्याला आपणहून सुचवायची. ती युक्ती चालते का बघायला तिने आपलंच गाव निवडलं, तामणकोंड, आणि 'मधली आळी' लिहायचं म्हणून 'म' टाकला. मधली आळी खालच्या ओळीत आली. वरच्या ओळीत आलं: महारवाडा.

पाठीमागे हर्षद फोनवर कुणाशी तरी मोठ्याने हसत होता. हे त्याचं ऑफिस. महाडच्या बाजारपेठेत वडिलांच्या औषधांच्या दुकानावरची माडी. खिडकीतून भाजीवाल्यांच्या हाका, खालून सर्दीच्या औषधाचा गोडसर वास. प्रियदर्शिनी हलली नाही. राग यायला हवा होता, आणि तो कुठेतरी लांबून निघालाही असावा, पण त्याआधी आलं ते निराळंच काहीतरी. घरात कधी न पाहिलेली वस्तू अचानक कपाटामागून निघावी आणि ती आपल्याच घरातली आहे हे कळावं, तसं. हा शब्द तिने पुस्तकांत वाचला होता, भाषणांत ऐकला होता. पण कुणी तो पत्ता म्हणून वापरताना तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि तो कुणी तरी दोनदा लिहिला होता. एकदा लिहिला असता तर तिच्या यंत्राने तो उचलला नसता.

"काय झालं?" हर्षद मागे येऊन उभा राहिला. त्याने वाचलं. त्याचे कान तांबडे झाले, इतके की प्रियदर्शिनीला क्षणभर त्याचीच कीव आली. "अगं, काढून टाक ना," तो म्हणाला. "एका मिनिटाचं काम. कुणी गाढवाने लिहिलंय हे? आता असं कोण म्हणतं?"

"तेच बघायचंय," ती म्हणाली. "कोण म्हणतं ते."

"कशाला बघायचंय? हे बघ, वाडीचा रकानाच नको. पिनकोड आणि गाव पुरे. नसती भानगड."

"आणि पुडकं वाडीवर कसं पोचणार?"

गावाचं तोंड आणि वाडी यांच्यामध्ये कधी ओढा असतो, कधी अख्खा डोंगर, हे हर्षदलाही ठाऊक होतं. त्याचं स्वतःचं गावही तामणकोंडच्याच बाजूला, कापड्याजवळ. तो खाली दुकानात निघून गेला. तिने सूचना दिसणं तेवढं बंद केलं, शब्द तसाच ठेवला, आणि मग त्याच्या मागे कोण आहे ते पाहिलं. मागणी करणाऱ्याचं नाव होतं बुद्धरत्न.

नावाकडे बघत ती कितीतरी वेळ बसली. बुद्धरत्न म्हणजे तिच्या चुलत आजोबांचा, रामजीआबांचा मुलगा. तिच्या वडिलांचा, राजेंद्रांचा, चुलतभाऊ. लहानपणी दर मे महिन्यात मुंबईहून येऊन तिला गणितं घालणारा बुद्धाकाका. ज्याच्या नावातच त्याच्या आईबापांनी सगळं सांगून टाकलं होतं, त्याने हा शब्द टाइप करावा? तिला आपले वडील आठवले. ते पाकिटावर पत्ता लिहीत तेव्हा आधी 'बौद्धवाडी' लिहीत, मोठ्या अक्षरांत, दारावर पाटी लावावी तसं. गाव, तालुका, जिल्हा मागून, बारीक. "आपलं आधी लिहायचं," म्हणत. तिलाही तीच सवय लागली. मग ती नोकरीला पुण्याला गेली. खोली बघायला गेली तेव्हा घरमालकीण चांगली होती, चहा दिला, गॅलरी दाखवली. मग तिने ओळखपत्र हातात घेतलं आणि पत्त्यावरून बोट फिरवत आली. दुसऱ्या ओळीवर ते बोट थांबलं. थांबलं म्हणजे किती, डोळ्याची पापणी लवेल इतकंच. "कळवते हं," बाई म्हणाली. त्या बोटाचं थांबणं प्रियदर्शिनीला अजून दिसतं, त्याच्या नखाला गुलाबी रंग होता तोही दिसतो. त्यानंतर पुण्यात ती कुणाला गावाचा पत्ता सांगताना नुसता पिनकोड सांगायची. चार शून्य दोन, तीन शून्य तीन. लोकांना गंमत वाटायची. तिला त्या आकड्यांचा एक विलक्षण आधार वाटे. सगळा तालुका त्यांच्यात सारखाच मावत होता, वरची आळी, खालची आळी, धनगरवाडा, डोंगर, नदी. आकड्यांना दुसरी ओळ नव्हती. आज पिनकोडचं काम तिने इतक्या हौसेने अंगावर घेतलं त्याचं कारण कदाचित हेच असेल, असं आता तिच्या मनात आलं, आणि मग असंही आलं की तो वाडीचा रकाना ठेवायचा हट्टही तिचाच होता. हर्षदने मागितला नव्हता.

तिने बुद्धाकाकाला फोन लावला. आवाज मोकळा होता, पोरं, तब्येत, यंदा मे महिन्यात आला नाहीस, सगळं झालं. मग तिने विचारलं. पलीकडे मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"मीच टाकलं," तो म्हणाला. "आबांनी सांगितलं म्हणून टाकलं. हात चालत नव्हता माझा. आता तू आबांनाच विचार, प्रिया. मला नको विचारू." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "वहिनीला नको सांगूस."

वहिनी म्हणजे तिची आई, गीताबाई. प्रियदर्शिनीने रात्रभर दम धरला आणि सकाळी चहा पिताना सांगून टाकलं. तिला आईपासून कधीच काही लपवता आलं नव्हतं, आणि खरं म्हणजे आई काय करते हेही तिला बघायचं होतं. गीताबाई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कप खाली ठेवला. "रविवारी जाऊ," एवढंच म्हणाल्या. त्यांचा राग असाच असे, वेळापत्रकासारखा.

पोलादपूरच्या स्टँडवर कशेडीचा घाट चढायच्या आधी ट्रकवाले टायरांवर लाथा मारून हवा बघत होते. तिथून कापड्याला, आणि कापड्याहून तामणकोंडला येसाजीची जीप. येसाजी गावातल्या वरच्या आळीतला, साठीचा माणूस. गावात पोचवायची पुडकी तोच नेई. भात पिवळं पडलं होतं, काही ठिकाणी कापणी लागली होती, आणि जीपमध्ये ओल्या पेंढ्याचा वास भरून राहिला होता. गीताबाई मागे ताठ बसल्या होत्या. प्रियदर्शिनी पुढे. रामजीआबांच्या महिन्याच्या गोळ्या तिच्या पिशवीत होत्या. रस्ता वळणावळणाने चढत होता आणि तिच्या डोक्यात तोच प्रश्न फिरत होता. शेवटी तिने विचारलं, "येसाजीकाका, रामजीआबा राहतात त्या जागेला तुम्ही काय म्हणता?"

येसाजीने आरशातून मागे पाहिलं. मग रस्त्याकडे.

"खाली म्हनतो आमी. नुसतं खाली."

"आणि पूर्वी?"

"पूर्वीचं पूर्वी गेलं ना ताई," तो म्हणाला आणि त्याने उगाचच हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

हर्षदचे तांबडे कान आणि येसाजीचा हॉर्न, या दोन्हींचा मिळून काहीतरी अर्थ होता. लाज म्हणावी तर ती कुणाची, आणि शब्द गिळून टाकला म्हणजे तो कुठे जातो? पोटात? तिला तो शब्द गावभर फिरताना दिसू लागला, कुणाच्या तोंडात न थांबणारा, कुणी दार न उघडलेला, आणि शेवटी मुंबईतल्या एका मोबाइलमधून निघून तिच्या स्क्रीनवर येऊन बसलेला.

बौद्धवाडी वर माळावर आहे. सिमेंटची घरं, विहार, निळी कमान. तिथे जीप थांबते. तिथून ओढ्याकडे उतरणारी पायवाट गीताबाईंनी लग्न होऊन आल्यापासून कधी तुडवली नव्हती. "तुझ्या आजोबांनी शपथ घातली होती सगळ्यांना," उतरताना त्या म्हणाल्या. "खाली परत पाय ठेवायचा नाही. माझी वरात थेट वर गेली." त्या पदर खोचून, झुडपांना धरत उतरत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रियदर्शिनीने कधी न पाहिलेला भाव होता. त्या चोरून इकडेतिकडे बघत होत्या. जोती दिसत होती, गवतात बुडालेली, एकाला लागून एक. इतकी जवळजवळ! प्रियदर्शिनीला वाटलं, इतकी माणसं इतक्याशा जागेत श्वास कसा घेत असतील. आणि पुढच्याच पावलाला पाण्याचा आवाज आला, गार हवा आली, आणि तिला ती जागा आवडली. तिचं तिलाच ते चमत्कारिक वाटलं. न आवडायचं ठरवून ती आली नव्हती, पण आवडायचंही ठरवलेलं नव्हतं.

रामजीआबा तिथल्या एकमेव पत्र्याच्या खोलीपुढे भिंतीला टेकून बसले होते. अंगात बंडी, कपाळावर भरून गेलेल्या जखमेचा व्रण. मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून, बायको गेल्यावर, वरच्या घरात पुतण्यांची दाटी झाली म्हणून ते इथे येऊन राहिले होते. त्यांची स्वतःची म्हणावी अशी जागा ही एकच होती.

"जय भीम, मामंजी," गीताबाई म्हणाल्या.

"जय भीम, जय भीम. सूनबाय, तू? खाली?" त्यांना उठायचं होतं, जमलं नाही. "राजेंद्राची पोर न् ही? बस गो. पानी पी. झऱ्याचं हाय."

पाणी पिऊन होईपर्यंत गीताबाई थांबल्या. मग त्यांनी विचारलंच. "मामंजी, तो शब्द तुम्ही पोराच्या हातून लिहवून घेतलात?"

आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं, मग तेही सोडून दिलं. "मंग काय लिवू सांग."

"बौद्धवाडी लिहा. काय लिहू म्हणजे?"

"लिवलं व्हतं. गोळ्या वर गेल्या, माज्या पुतन्याच्या, मोरूच्या घरी फळीवर पडून ऱ्हायल्या. त्याची पन काय चूक, त्याला वाटलं येईल म्हातारा वर. माजं डोकं फिरलं न् मी हितं पडलो." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "येसाजीनं बगितला म्हनून उठलो. दुसऱ्या बारीला पन तसंच, वरच. मंग मी बुद्धाला बोललो, जुन्या जागंचं नाव घाल. तो रडाय लागला फोनवर. मी बोललो, मंग मरतो हितंच, बिननावाचा."

"म्हणून ते नाव?" गीताबाईंचा आवाज चिरकला. "ज्याच्यातून बाहेर पडायला त्या लोकांनी घरं मोडून वर नेली?"

"मला सांगतीस?" आबा शांतपणे म्हणाले. "मी व्हतो ना. इतकुसा व्हतो. माज्या डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं दिल्यालं. समद्यांनी समदं नेलं वर. भांडी नेली, दारं न् चौकटी नेल्या, नवं नाव वर ठेवलं. चांगलं केलं, लई चांगलं केलं. पन जुनं नाव कुनी उचललं नाय. ते हितंच ऱ्हायलं. मी आलो तवा व्हतं पडल्यालं." त्यांनी गवतातल्या जोत्यांकडे बोट केलं. "मला काय ते गोड लागतं व्हय गो? पन घराला कायतरी नाव लागतंच ना. नायतर गोळी यायची कशी?"

गीताबाई उठून झऱ्याकडे गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. प्रियदर्शिनीला एकदम वाटलं की आईच्या त्या पाठीला हात लावावा, पण ती जागची उठली नाही. म्हाताऱ्याचा तो प्रश्न तिला सोडत नव्हता. तिने जो रकाना कामाचा म्हणून बनवला होता त्याच्या तळाशी हे होतं तर. माणसं वर गेली, सरकारची यादी गावाच्या वेशीशी थांबली, आकडा तर त्याहूनही लांब, आणि मध्ये उरलेल्या एवढ्या तुकड्यावर एक माणूस राहत होता. त्याने हाताशी होतं ते नाव उचललं, जसं कुणी पडका पत्रा उचलून छपरावर टाकतो.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हीच द्या दुसरं नाव."

"मी?"

"तुम्ही राहता ना इथे."

"नाव सरकार देतं गो."

"या रकान्यात नाही देत. इथे जो राहतो तो लिहितो." तिने मोबाइलवर त्यांना ते दाखवलं: पिनकोड, मग भरलेले रकाने, मग रिकामा चौकोन. ते डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.

"ह्यात लिवलं की मुंबईला दिसतं?"

"हो."

"येसाजीला?"

"त्यालाही."

"आन ते जुनं? ते पुसशील?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"पूस," ते म्हणाले. आणि लगेच तिचं मनगट धरलं. बोटं सुकलेल्या फांदीसारखी, पण पकड घट्ट. "पन आदी नवं घाल, मंग पूस. मदी रिकामं नको ठेवू."

नाव काही त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. विचार करतो म्हणाले. ते सांगताना त्यांच्या तोंडावर जी चमक आली तिने प्रियदर्शिनी चकित झाली. ऐंशीला टेकलेल्या या माणसाला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं असेल, पण काय म्हणू असं विचारायला कुणी आलं नसावं. गीताबाई परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी गोळ्यांची पाकिटं सकाळ-संध्याकाळ अशी लावून दिली, खोली झाडली, आणि निघताना म्हणाल्या, "चांगलं ठेवा हं मामंजी. घाई नको." शाळेत निबंध लिहायला दिल्यासारखं.

महाडला परतल्यावर हर्षदला सगळं सांगावं लागलं. तो ऐकत होता आणि टेबलावरचं पेन फिरवत होता. "आमच्या गावातही असेल गं असं," तो शेवटी म्हणाला. "मी कधी खाली गेलेलोच नाही." मग जरा वेळाने, मालकाच्या आवाजात, "पण रकाना मी उघडा ठेवू शकत नाही. उद्या कुणी काहीही लिहिलं, कुणी फोटो काढला, तर दुकान बंद होईल माझं. पुढच्या मागण्या येईपर्यंत थांबतो. तोवर नवं नाव आलं नाही तर रकाना काढू."

त्याचं काही चूक नव्हतं. म्हणूनच ते दिवस अवघड गेले. प्रियदर्शिनी बाकीचं काम करत राहिली. पिनकोड टाकणाऱ्याचा एखादा आकडा चुकला तर जवळचे पिनकोड सुचवायचे, सरकारी यादीतली इंग्रजी स्पेलिंगं मराठीत नीट आणायची. पण दिवसातून एकदा तरी ती तो झाकून ठेवलेला शब्द उघडून बघे. तो असायचाच. तो पुसायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि तरी तिने वचन दिलं होतं. एका दुपारी तिला असंही वाटलं, आबा काहीच पाठवणार नाहीत. विसरतील, किंवा काही झालं असेल त्यांना. घरी गीताबाई जेवताना एकदम म्हणत, "पाणवठा चांगलं नाव आहे." किंवा, "समतानगर नको, सगळीकडे तेच." खाली जाऊन आल्यापासून त्या काही शोधत होत्या. पडक्या जोत्यांपैकी आपल्या सासरचं कोणतं, हे त्यांनी तिला दोनदा विचारलं. तिला कुठून ठाऊक?

बुद्धरत्नची मागणी आली ती सकाळी, माडीवर केर निघत असताना. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, एक मलम. पिनकोड. तामणकोंड. आणि वाडीच्या रकान्यात, बापाने फोनवर सांगितलं तसंच्या तसं मुलाने उतरवलेलं:

रामजी हाय तिथं.

प्रियदर्शिनीने ते मोठ्याने वाचलं. केर काढणारी नीला थांबली आणि म्हणाली, "कुठं हाय?" आणि दोघी हसल्या. सबंध देशाच्या यादीत शोधून असं नाव सापडलं नसतं. ते डोंगरावरून, झाडावरून, जातीवरून, कुणा मोठ्या माणसावरून आलं नव्हतं. त्यात एक माणूस होता आणि तो असण्याची मुदत होती. कधीतरी हे नाव खोटं ठरेल, तेव्हा काय करायचं? तिला उत्तर सुचलं नाही, आणि ते सुचायला हवं असंही वाटलं नाही. तिने नवं नाव जतन केलं. मग जुनं पुसलं. या क्रमाने.

हर्षदने वाचलं आणि मान हलवली. "हा पत्ता झाला?" पण त्याने रकान्याचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळी गीताबाईंनी मोबाइल दूर धरून चष्म्यातून पाहिलं. "'हाय' नाही, 'आहे' हवं," त्या म्हणाल्या, "दुरुस्त कर." प्रियदर्शिनीने बोट नेलं तशी त्यांनीच ते धरलं. "नको. राहू दे."

पुडकं गुरुवारी गेलं. दुपार टळल्यावर येसाजीचा फोन आला, मागे जीपचं इंजिन चालूच.

"ताई, पोचवलं."

"सापडली का जागा?" तिला राहवलं नाही. "पत्ता कळला?"

"न कळायला काय झालं? सरळ लिवलंय." येसाजीला धाप लागली होती, चढ चढून आला असावा. "खाली उतरलो, तं व्हता की बसल्याला. बोलला, वाचून दाखव रे येसा, काय लिवलंय. मी वाचलं. तं बोलला, परत वाच."